पाण्यातला वायू आणि गाडीचे ॲव्हरेज

(ठाणे जिल्ह्यातील रिक्षा व टेम्पोचालक, गॅरेज-व्यावसायिक आणि यंत्रविद्येचे शिक्षण घेणारे विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विज्ञानाची पदवी माझ्यापाशी नाही. मी कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने माहिती अधिकारी. तेव्हा अंतर्ज्वलन एंजिनासारख्या विषयावर मी बोलावे हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आज ज्या प्रश्नाचा विचार आपण करणार आहोत तो सोडविण्यास शाळेतल्या त्रैराशिकापलीकडचे गणित लागत नाही, आणि तेवढे त्रैराशिक मला येते.

प्रश्न असा आहे. गाडीच्या बॉनेटखाली, किंवा रिक्षाच्या मागच्या बाजूस, एक डबा बसवितात. डब्यात स्टेनलेस पोलादाचे पत्रे असतात, पाणी असते, पाण्यात थोडा कॉस्टिक पोटॅश असतो. दोन तारा बॅटरीकडे जातात आणि एक रबरी नळी एअर फिल्टरकडे. वीज सुरू झाली की पाण्यातून बुडबुडे निघतात. हा वायू म्हणजे हायड्रोजन व प्राणवायू यांचे मिश्रण. कोणी त्याला ‘पाण्याचा गॅस’ म्हणतात, कोणी ‘ब्राउन गॅस’, तर कोणी ‘एचएचओ’. तो एंजिनात गेला की पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी कमी लागते, ॲव्हरेज सव्वापट-दीडपट होते, असे विकणारा सांगतो. कल्याणला एका रिक्षाचालकाने मला विचारले, “साहेब, दोन महिन्यांचा हप्ता थकवून हा डबा घेतला तर वसूल होईल का?” हप्ता थकविण्याची गोष्ट त्यांनी सहज सांगितली. मला ती सहज वाटली नाही, आणि आजच्या व्याख्यानाचे निमित्त तेच आहे.

पाण्यावर चालणारी गाडी ठाणेकरांनी फार पूर्वी पाहिली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास आली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तिच्या तीन एंजिनांची नावे. त्यांच्या पोटात पाणी होते, आणि पाण्यावाचून ती एक पाऊलही पुढे सरकली नसती. पण त्या गाडीला कोळसाही लागत होता. जोर कोळशाचा, पाणी तो जोर वाहून नेणारे. बुडबुड्यांच्या डब्याचा विचार करताना प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे की, यात कोळसा कोणता?

पाण्याचे दोन वायूंत विच्छेदन करण्याची युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली, व्होल्टाचा विद्युत् घट नुकताच निघालेला असताना, पाण्यातून वीज सोडून ते करून दाखविले. त्यानंतर सातच वर्षांनी, १८०७ साली, इझाक द रिव्हाझ या स्वित्झर्लंडमधील गृहस्थाने हायड्रोजन व प्राणवायूच्या मिश्रणाचा स्फोट घडवून चालणारे एंजिन तयार केले. पेट्रोलचे एंजिन त्यानंतर कितीतरी दशकांनी आले. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांनी १८७४ च्या सुमारास एका पात्राच्या तोंडी पाणी हेच उद्याचे इंधन असे भाकीत घातले. (कादंबरीकाराला वीज कोठून आणायची याची चिंता करावी लागत नाही, हा त्या व्यवसायाचा फायदाच.) या मिश्र वायूची ज्योत अतिशय प्रखर असते; काच किंवा प्लॅटिनम वितळविण्यासाठी तिचा उपयोग होत आला आहे आणि आजही बारीक डागकामासाठी असे संच विकले जातात. म्हणजे वायू खरा, ज्योत खरी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या युल ब्राउन यांनी या वायूचा पुष्कळ प्रचार केला. त्यांच्यामुळेच त्याला ‘ब्राउन गॅस’ हे नाव पडले.

पुढे अमेरिकेतील ओहायो राज्यात स्टॅन्ली मायर नावाच्या इसमाने आपली गाडी केवळ पाण्यावर चालते असा दावा करून भांडवल गोळा केले. १९९६ साली तेथील न्यायालयाने हा ढळढळीत फसवणुकीचा प्रकार ठरवून दोघा गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करण्याचा आदेश दिला. जुलै २००८ मध्ये कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत चढला, त्या काळात जगभर या डब्यांचे पेव फुटले. २०१२ साली पाकिस्तानात दूरचित्रवाणीवर पाण्याच्या मोटारीचे प्रात्यक्षिक झाले आणि मोठमोठ्या पदांवरील माणसांनी तिची वाहवा केली. ती मोटार पुढे कोठे गेली हे आपण जाणताच. इंधनाचा भाव वाढला की हा डबा वर येतो, उतरला की खाली बसतो.

आता हिशेब. एक लिटर पाण्यात सुमारे १११ ग्रॅम हायड्रोजन आणि ८८९ ग्रॅम प्राणवायू असतो. हे सारे पाणी वायुरूप केले तर अठराशे ते दोन हजार लिटर मिश्रण मिळते. आकडा ऐकूनच माणूस भुलतो. पण एंजिनाला लिटर नकोत, उष्णता हवी. १११ ग्रॅम हायड्रोजन जळला असता जेवढी उपयोगी उष्णता मिळते तेवढी सुमारे ४०० मिलिलिटर पेट्रोलमध्ये असते. म्हणजे एक लिटर पाण्याच्या पोटात अर्ध्या लिटरहूनही कमी पेट्रोलचा ऐवज आहे. तोही कमी नव्हे, असे आपण म्हणाल. खरे आहे, फुकट मिळत असता तर.

तो फुकट नाही. एक लिटर पाण्याचे विच्छेदन करण्यास, एक थेंबही वाया न घालविता, सुमारे साडेचार युनिट वीज लागते. प्रत्यक्षातील चांगल्या यंत्रांना साडेपाच-सहा युनिट लागते, आणि गाडीत बसविलेला डबा काही चांगल्या यंत्रांत मोडत नाही. आपण सहा धरू. ही वीज गाडीत कोठून येते? आल्टरनेटरमधून. आल्टरनेटर कोण फिरवितो? एंजिन. एंजिन कशावर चालते? पेट्रोलवर. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट इतकी उष्णता असते. त्यातली पाव हिस्सा एंजिन दंडावर आणून देते, म्हणजे सव्वादोन युनिट. आल्टरनेटर आणि पट्टा यांत निम्मी नाही तरी चाळीस टक्के शक्ती गळते. हाती राहतात सव्वा-दीड युनिट. तेव्हा सहा युनिट वीज मिळविण्यासाठी चार ते साडेचार लिटर पेट्रोल जाळावे लागते. आणि त्याच्या मोबदल्यात काय मिळते? चारशे मिलिलिटर पेट्रोलच्या किमतीचा हायड्रोजन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, त्यातला हा प्रकार. माझे आकडे कोणास कडक वाटत असतील तर त्याने मन उदार करून खर्चाची बाजू निम्मी करावी. तरीही पाच रुपये घालून एक रुपया परत येतो.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो प्रामाणिक माणसेही घेतात. आल्टरनेटर तर फिरतच असतो, त्यातून थोडी वीज घेतली तर एंजिनाला काय कळते? या सभागृहात माझ्या वयाचे जे आहेत त्यांनी लहानपणी सायकल चालविली असेल. मागच्या चाकाला बाटलीच्या आकाराचा डायनॅमो असे. तो टायरला टेकविला आणि दिवा लागला की पायडल जड होई. चढावर तर दिवा बंद करून जावेसे वाटे. दिवा पायाच्या जोरावर जळत होता. आल्टरनेटरचेही तसेच आहे. त्यातून जेवढी वीज ओढावी तेवढा तो फिरायला जड होतो. गाडी उभी असताना हेडलाइट आणि पंखा एकदम लावले तर एंजिनाचा आवाज क्षणभर बसतो, हे येथील प्रत्येक मेस्त्रीला ठाऊक आहे. रिक्षाचा वीज निर्माण करणारा भाग तर मोटारीहून कितीतरी लहान. त्याच्यावर असला बोजा टाकला की पहिला बळी बॅटरीचा जातो.

एवढ्यावर विषय संपला असता. परंतु विकणाऱ्यांमधले हुशार लोक आता शक्तीचा दावा करीतच नाहीत. ते म्हणतात, आमचा वायू इंधन म्हणून नाही, तो ज्वलन सुधारतो. चिमूटभर मीठ जशी सगळ्या आमटीला चव आणते तसा. या म्हणण्यात सत्याचा एक अंश आहे, आणि म्हणून त्याचा विचार नीट केला पाहिजे.

हायड्रोजनची ज्योत हवेत पेट्रोल किंवा नैसर्गिक वायू यांच्या ज्योतीपेक्षा पाच-सहापट वेगाने पसरते. हवेत तो चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेट घेतो. पेट्रोलच्या वाफेची ही मर्यादा दीड ते साडेसात टक्के इतकी अरुंद आहे. त्यामुळे हवा जास्त आणि इंधन कमी अशा ‘पातळ’ मिश्रणात पेट्रोलची ज्योत विझू लागते, तेथे हायड्रोजन तिला आधार देतो. अमेरिकेच्या नासा या संस्थेने आपल्या लुईस संशोधन केंद्रात मोटारीच्या एंजिनावर याचे पद्धतशीर प्रयोग केले आणि १९७७ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. पेट्रोलमध्ये हायड्रोजन मिसळल्याने ज्योतीचा वेग वाढतो आणि एंजिन अधिक पातळ मिश्रणावर चालू शकते, असे त्यांना आढळले. विकणारे या अहवालाचे नाव मोठ्या अभिमानाने घेतात. मात्र त्या प्रयोगातील हायड्रोजन बाटल्यांतून तरी आणलेला होता, नाही तर मेथॅनॉलपासून वेगळ्या यंत्रात तयार केलेला होता. त्या एंजिनाच्या आल्टरनेटरवर पाण्याचा डबा टांगून तो मिळविलेला नव्हता. आणि त्याचे प्रमाणही चिमटीतले नव्हते.

डब्याचे प्रमाण किती ते पाहू. समजा, बारा व्होल्टवर वीस अँपिअर वीज डब्याला दिली. म्हणजे २४० वॉट, चार हेडलाइटांचा बोजा. पत्र्यांचे सहा कप्पे ओळीने जोडले असतील तर त्यातून मिनिटाला सुमारे ०.९ लिटर हायड्रोजन निघेल. १,२०० घनसेंटिमीटरचे एंजिन साध्या वेगाने चालताना मिनिटाला सहाशे-सातशे लिटर हवा ओढते. हजार भागांत दीड भागही हायड्रोजन नाही. स्वतःच्या बळावर पेट घेण्यास त्याला हजारात चाळीस भाग लागतात. उष्णतेच्या भाषेत सांगायचे तर त्या एंजिनात त्याच वेळी जाणाऱ्या पेट्रोलच्या अर्धा टक्का. मीठ म्हणावे तर आमटीच्या पातेल्यात दोन खडे.

शिवाय सुधारायचे ते काय? आजच्या धडधाकट एंजिनात गेलेल्या पेट्रोलपैकी अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक पेट्रोल सिलिंडरमध्ये जळतेच. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधून वाया जाते आणि आमचा वायू ते वाचवितो, हे ऐकायला पटते. पण वाचविण्यासारखे तेथे एक-दोन टक्केच आहे. पेट्रोलच्या शंभर रुपयांतले सत्तर-पंचाहत्तर रुपये जातात ते रेडिएटरच्या आणि सायलेन्सरच्या उष्णतेत. ती उष्णता जळून गेलेल्या पेट्रोलचीच असते. तिला हायड्रोजन काय करणार?

आणखी एक गोष्ट गॅरेजवाल्यांसाठी. इंजेक्शनच्या गाडीत धुराड्याच्या नळीत प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. तो आणि गाडीचा संगणक मिळून एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण राखतात. पातळ मिश्रणाचा लाभ घ्यायचा तर हे प्रमाण मोडावे लागेल. म्हणून डब्यासोबत आणखी एक छोटी पेटी विकली जाते. ती सेन्सरला चकविते आणि संगणकाला कमी पेट्रोल सोडण्यास भाग पाडते. ॲव्हरेजमध्ये काही फरक दिसलाच तर तो या पेटीचा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मेस्त्री नळी बसविता बसविता स्क्रू थोडा आवळतो, तेथेही तेच. किंमत वेगळीकडे मोजावी लागते: एंजिन तापते, व्हॉल्व्ह जळतात, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आपले काम नीट करू शकत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण वाढते, ते डोळ्यांना दिसत नाही. घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी जी हवा आपली मुले श्वासात घेतात तिच्यात ते आधीच कमी नाहीत.

“पण साहेब, माझ्या मेव्हण्याच्या गाडीला फरक पडला!” हे वाक्य प्रत्येक ठिकाणी ऐकू येते, आणि मेव्हणा खोटे बोलतो असे मी मुळीच म्हणणार नाही. फरक पडतो. डबा बसविण्यापूर्वी मेस्त्री प्लग साफ करतो, एअर फिल्टर झटकतो, टायरमधील हवा पाहतो. पैसे घातलेला माणूस पुढले पंधरा दिवस ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवतो. गाडी तीच, रस्ता तोच, तरी ॲव्हरेज दहा टक्के इकडेतिकडे होणे काहीच अवघड नाही. तीन हात नाक्यावर किती सिग्नल लागले, गायमुखच्या घाटात ट्रक बंद पडला होता का, कल्याण-शीळ रस्त्यावर सकाळी सहाला गेलात की नऊला, एवढ्यावर ते अवलंबून असते. पंधरा दिवसांनी पाय पुन्हा जड होतो, पण तोवर डब्याची कीर्ती स्टँडवर पोचलेली असते.

काही गॅरेजांत याच वायूने एंजिनातली काजळी साफ करून देण्याची सेवा मिळते. बाहेरच्या विजेवर चालणारे यंत्र अर्धा-पाऊण तास जोडतात. त्यात निदान आल्टरनेटरवर बोजा नसतो. काजळी खरोखर किती निघाली हे सिलिंडर उघडल्याशिवाय किंवा दुर्बिणीसारखे उपकरण आत घातल्याशिवाय कळत नाही. तेव्हा ज्याला ही सेवा घ्यायची असेल त्याने आधीचे व नंतरचे चित्र दाखविण्याचा आग्रह धरावा.

आता धोक्याविषयी. पैशाचे नुकसान भरून निघते. हे निघत नाही.

सिलिंडरमधला सीएनजी किंवा घरातला गॅस एकटा असतो, पेट घेण्यासाठी त्याला बाहेरची हवा मिसळावी लागते. डब्यातला वायू पेटण्यासाठी लागणारा प्राणवायू बरोबर घेऊनच, आणि अगदी नेमक्या प्रमाणात, जन्माला येतो. त्याला हवेची वाट पाहावी लागत नाही. पेट्रोलच्या वाफेला जेवढी ठिणगी लागते तिच्या दहाव्या हिश्श्याहून कमी ठिणगी हायड्रोजनला पुरते. सैल झालेल्या तारेची चमक बस्स होते. एंजिनाने मागे भडका मारला तर ज्योत नळीतून डब्याकडे येते. मध्ये पाण्याची बाटली ठेवून ती अडवितात खरी, पण त्या बाटलीतले पाणी मे महिन्याच्या उन्हात आणि एंजिनाच्या तापात किती उरले हे रोज कोण पाहतो? हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. महानगरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो म्हणून गळती कळते. येथे ती सोय नाही. कॉस्टिक पोटॅशचे पाणी अंगावर उडाले तर कातडी जळते, डोळ्यांत गेले तर दृष्टी जाण्याचा संभव असतो. लहान मुले घेऊन जाणाऱ्या शाळेच्या रिक्षात प्लास्टिकच्या डब्यात हे पाणी हिंदकळत असणे, ही कल्पनाही मला सहन होत नाही.

डोंबिवलीकरांना स्फोट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन तारखा औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणारी माणसे विसरलेली नाहीत. दूरदूरच्या घरांच्या काचा तेव्हा फुटल्या. तेथील कारणे निराळी होती आणि त्यांची तुलना एका डब्याशी करणे योग्य नव्हे. परंतु जे रसायन कारखान्यात प्रशिक्षित माणसांच्या हाती, तपासणीखाली असते, ते आपण पॅसेंजरच्या पाठीमागे कोणत्या तपासणीनंतर ठेवतो, एवढा प्रश्न विचारायला हरकत नाही.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, निर्मात्याने दिलेल्या मूळ रचनेहून भिन्न असा बदल वाहनात करता येत नाही; मान्यताप्राप्त किट असेल तरच अपवाद. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार असा अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एम.एच. ०४ असो वा एम.एच. ०५, पासिंगच्या वेळी डबा काढायचा आणि नंतर लावायचा, ही युक्ती अपघात झाला की उपयोगी पडत नाही. तेव्हा विमा कंपनीचा माणूस पहिला प्रश्न त्याच डब्याविषयी विचारील. विकणाऱ्याकडे मान्यतेचा कागद मागावा. पेटंटचा कागद हा मान्यतेचा कागद नव्हे. पेटंट कल्पना नवी असल्याबद्दल मिळते, ती पेट्रोल वाचविते याची ग्वाही त्यात नसते. किटची चाचणी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेत झालेली असली पाहिजे.

याच ठिकाणी सीएनजीची आठवण होते. महानगर गॅस ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली. सीएनजीचे किटही आधी परके वाटत होते, डिकीतला सिलिंडर पाहून प्रवासी घाबरत. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रस्त्यांवर तो किती रुळला आहे हे पंपावरची रांगच सांगते. तो रुळला, कारण त्यात कोळसा होता. शक्ती नळाने बाहेरून येत होती. आणि किटची चाचणी, सिलिंडरची दर तीन वर्षांची तपासणी हे सारे त्यामागे होते.

हायड्रोजनचे वाहनातील काम थांबलेले आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. ते चालू आहे, आणि त्यातले बरेचसे आपल्या राज्याशी निगडित आहे. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर हायड्रोजनवर चालणाऱ्या पंधरा तीनचाकी गाड्या उतरविल्या गेल्या. त्या मुंबईच्या महिंद्र कंपनीने आणि दिल्लीच्या आय.आय.टी.ने मिळून तयार केल्या होत्या. रिक्षाचे एंजिन केवळ हायड्रोजनवर चालू शकते हे त्यांनी दाखविले. फक्त तो हायड्रोजन टाकीत भरलेला होता. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र शासनाने हायड्रोजनमिश्रित सीएनजीला वाहनाचे इंधन म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून दिल्लीत पन्नास बसगाड्यांवर इंडियन ऑइलच्या तंत्राने अठरा टक्के हायड्रोजन असलेला सीएनजी वापरून पाहण्यात आला. अठरा टक्के हे आकारमानाने. हायड्रोजन हलका असल्यामुळे उष्णतेत त्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपासच भरतो. डब्याच्या अर्ध्या टक्क्याशी हे ताडून पाहावे. नैसर्गिक वायू सावकाश जळतो, त्याला चपळ हायड्रोजनची सोबत मानवते. नासाने पेट्रोलवर जे पाहिले तेच तत्त्व येथे व्यवहारात आले.

पुण्यात २१ ऑगस्ट २०२२ रोजी इंधन-विद्युत् घटावर चालणारी बस सादर झाली. केपीआयटी आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची मातृसंस्था असलेली सी.एस.आय.आर. यांनी ती विकसित केली. तिच्यात हायड्रोजन जळत नाही. त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन वीज निर्माण होते आणि धुराड्याऐवजी पाणी बाहेर पडते. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ४ जुलै २०२३ रोजी ८,५६२ कोटी रुपयांच्या हरित हायड्रोजन धोरणास मान्यता दिली. सूर्य व वारा यांच्या विजेने पाण्याचे विच्छेदन करावयाचे, हा त्याचा गाभा. हीच ती बुडबुड्यांची क्रिया; पण वीज गाडीच्या एंजिनातून नाही, बाहेरून. मार्च २०२५ मध्ये केंद्र शासनाने ३७ बस व ट्रक आणि नऊ भरणा केंद्रे यांचे प्रायोगिक प्रकल्प मंजूर केले. त्यांतल्या १५ गाड्या इंधन-विद्युत् घटाच्या, तर २२ गाड्या आपल्या परिचयाच्या अंतर्ज्वलन एंजिनाच्या आहेत, आणि निवडलेल्या दहा मार्गांत पुणे-मुंबई हा एक आहे. म्हणजे हायड्रोजन जाळणारे एंजिन दुरुस्तीस येण्याचा दिवस इथल्या तरुण मेस्त्र्यांच्या उमेदीत येऊ शकेल. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांनी ज्योतीचा वेग, मागे मारणारा भडका, हायड्रोजनमुळे पोलादाला येणारा ठिसूळपणा हे विषय आतापासून वाचावेत असे मी सुचवीन.

तोवर ॲव्हरेजचे काय? उपाय जुनेच आहेत, आणि ते सांगताना श्रोत्यांचे चेहरे पडतात हे मला ठाऊक आहे. टायरची हवा आठवड्याला एकदा. सिग्नल लांब असेल तर एंजिन बंद. क्लचवर पाय टेकवून गाडी चालवू नये. १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना हेच सांगत आली आहे, आणि याला डबा लागत नाही.

तरीही ज्यांनी डबा आधीच घेतला आहे, किंवा माझ्या त्रैराशिकावर ज्यांचा विश्वास नाही, त्यांनी स्वतः तपासावे. मला त्यात आनंदच आहे. रीत सांगतो. एक वही घ्यावी. टाकी एकाच पंपावर, एकाच नळीने, पहिल्या खटक्यापर्यंत भरावी. टायरची हवा, प्लग, फिल्टर हे आधी ठीक करून घ्यावे आणि मग चाचणी संपेपर्यंत कशालाही हात लावू नये. रोजचा मार्ग ठरलेला असावा; कल्याणहून शिळफाट्यामार्गे ठाणे असेल तर तोच, आणि वेळही तीच. पाचशे किलोमीटर डबा बंद, पाचशे किलोमीटर डबा चालू, पुन्हा पाचशे बंद, पुन्हा पाचशे चालू. वीज जोडणारी कळ मात्र चालकाच्या हाती नसावी. ती झाकून ठेवावी, सकाळी मुलाने किंवा मालकाने ती चालू वा बंद करावी आणि त्याची नोंद दुसऱ्या वहीत, चालकाला न दाखविता करावी. दोन हजार किलोमीटर पुरे झाल्यावर भरलेले लिटर व धावलेले किलोमीटर यांचा हिशेब आधी मांडावा, आणि दुसरी वही नंतर उघडावी.